घरी आलो, पण पोचलो कुठे?

पहाटेचे पावणेतीन वाजले होते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि मी पलंगावर टक्क जागी. माझ्या शरीराच्या हिशेबाने संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. म्हणजे चहाची वेळ! शेवटी उठून स्वयंपाकघरात गेले, तर दिवा आधीच लागलेला. आई ओट्याशी उभी राहून आधण ठेवत होती.

‘तुलाही झोप नाही?’

‘झोप कसली! भूक लागलीय मला. चांगली पोळीभाजीची भूक.’

मग काय, नागावच्या आमच्या घरात पहाटे तीन वाजता आम्ही दोघी चहा आणि न्यू जर्सीहून आणलेली बिस्किटं खात बसलो. भिंतीवरची पाल टकामका बघत होती. या बायका नक्की कुठल्या देशात आहेत, असा प्रश्न तिलाही पडला असणार.

लांबलचक सुट्टी संपवून परदेशातून आलेल्या माणसाला हाच प्रश्न सगळे विचारतात, फक्त जरा सभ्य शब्दांत. ‘काय मग, झालीस का सेट?’ मी आपली ‘हो, एकदम!’ म्हणत होते. खरं तर आम्ही येऊन चार दिवस झाले होते, बॅगा हॉलमध्येच उभ्या होत्या आणि त्यांच्यावर आता ओले टॉवेल वाळत होते.

तीन महिने? तीन?

रजेचा अर्ज टाकला तेव्हा बॉसने तो दोनदा वाचला. साठवून ठेवलेली सगळी रजा, वर दीड महिना बिनपगारी. पण कारण तसंच होतं. दादा गेली अकरा वर्षं एडिसनला राहतो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून आई वाडीत एकटी आहे. मी सोमवार ते शुक्रवार मुंबईत भाड्याच्या खोलीत आणि शुक्रवारी रात्री घरी. दादाचं म्हणणं असं, की आईला घेऊन ये, जून ते ऑगस्ट निवांत राहा, मग ‘काय ते’ ठरवू.

‘काय ते’ म्हणजे वाडी.

आमची वाडी काही फार मोठी नाही. नारळ, सुपारी, मागे विहीर आणि मध्ये बाबांच्या आजोबांनी बांधलेलं कौलारू घर. पण २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, आणि मुंबईकरांना अचानक शोध लागला की अलिबाग जवळ आहे! तेव्हापासून शनिवारी कुंपणापाशी चकचकीत गाडी थांबली की ओळखायचं, एजंट आला. त्यातल्या एकाने सांगितलेला आकडा मी ऑफिसात बसून एका एक्सेल शीटमध्ये घातला होता. ठाण्यात टू-बीएचके, पार्किंगसकट, वर आईच्या नावाने एफडी. ही फाइल मी कुणाला दाखवली नव्हती. पासवर्डही घातला होता.

माझी एकच अडचण होती. आई. ती तिकडे आठ दिवसही टिकणार नाही, याची मला खात्री होती. तुळस, विहीर, शेजारच्या काकू, यांच्याशिवाय आई? शक्यच नाही! अशा माणसाला वाडी वीक म्हणून सांगायचं तरी कसं?

प्रत्यक्षात झालं भलतंच. तिसऱ्या आठवड्यात फोनवर अलिबागचं हवामान बघत बसायची ती मी. ‘आज मुसळधार’ असं दिसलं की माझ्याच पोटात कालवाकालव. आणि आई? तिने सलवार-कमीजखाली वहिनीचे जुने स्नीकर्स चढवले आणि सकाळी सात वाजता एकटी फिरायला जाऊ लागली. भाच्याबरोबर लायब्ररीत जायला लागली, आपल्या नावाचं कार्ड करून घेतलं. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भाजीचे भाव बघून ‘लूट आहे नुसती’ म्हणायची आणि तरी कोथिंबीर घ्यायची. मी हे सगळं बघत होते, पण पाहत नव्हते. पाहुणी म्हणून मजेत आहे, मनातून घरी जायला आसुसली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

बुरशी, मुंग्या आणि एक फ्रिज

परतीचं विमान मध्यरात्री उतरलं. पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरान बंद असतात. लहानपणी त्या दिवसांत मुंबई म्हणजे पेण-वडखळवरून एसटीचा अर्धा दिवस असायचा. आता रो-रो आहे, तासाभरात पलीकडे. सकाळच्या बोटीत चार बॅगा चढवल्या आणि मी धावत डेकवर गेले. तोंडावर खारा वारा, पाण्याचा तो मातकट रंग, ढगांत बुडालेले डोंगर. आहाहा! आईला बोलवायला आत गेले, तर ती एसीत डोळे मिटून बसली होती. ‘दमलीय बिचारी,’ मी मनात म्हटलं.

घर मात्र आमच्यावर रुसलं होतं. तीन महिने समुद्राजवळचं बंद घर, तेही भर पावसात, म्हणजे काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसालाच विचारा. दार फुगून चौकटीत असं बसलं होतं की काकूंच्या मुलाने खांदा लावला तेव्हा उघडलं. माझ्या लेदरच्या ऑफिस बॅगेवर हिरवी-पांढरी बुरशी, जणू कुणी शाल पांघरलीय. मिठाच्या बरणीत खारट पाणी. इन्व्हर्टर मेलेला. वाडीत कमरेएवढं गवत आणि त्यात पडलेल्या झावळ्या. कुठे पाय टाकावा आणि खाली काय निघेल, नेम नाही. फ्रिज बंद करून त्याचं दार घट्ट लावून जाण्याचा पराक्रम माझा. त्यातून जो वास आला, त्याचं वर्णन या चकचकीत पानावर नको. (तुम्ही लांब जाणार असाल तर एवढं करा. फ्रिज रिकामा करा, पुसा आणि दाराला कापडाची घडी अडकवून ते उघडं ठेवा. चामड्याच्या वस्तू कुणाकडे तरी वापरायला देऊन जा. आणि फोनचा रिचार्ज संपणार नाही असं बघा.)

रिचार्जचं लिहिलं, कारण आईचं सिम बंद पडलं होतं. सिम नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून बँक नाही. मायदेशी उतरल्या उतरल्या आई कागदोपत्री गायब!

आणि गणपती आठ दिवसांवर. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, पण तेवढ्यासाठी घर आठ दिवस आधीपासून धुवावं लागतं.

पहिल्या दिवशी काकूंनी जेवण पाठवलं. गरम भात, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर. मी ताटावर तुटून पडले. आईने दोन घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं.

मीटिंगमध्ये माझा घोरण्याचा आवाज

तिसऱ्या दिवशी लॉग-इन केलं. २,३०० मेल. त्यातल्या निम्म्या मेलमधल्या भानगडी माझ्याशिवाय उद्भवल्या होत्या आणि माझ्याशिवाय मिटल्याही होत्या. हे वाचून बरं वाटावं की वाईट, ते कळेना. दुपारी तीनच्या मीटिंगला कॅमेरा बंद होता. माइक मात्र चालू राहिला होता. ‘कुणाच्या घरी मिक्सर चालू आहे का?’ असं टीम लीडने विचारलं तेव्हा मी दचकून जागी झाले.

ही झोप म्हणजे निव्वळ आळस नाही बरं का. आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं आणि बहुतेकांचं ते चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं आपल्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं कठीण. अमेरिकेला जाताना आपण पश्चिमेकडे जातो, दिवस लांबतो, शरीर ते चालवून घेतं. परत येताना पूर्वेकडे यायचं असतं, दिवस आखडतो आणि शरीर रुसून बसतं. ढोबळ हिशेब असा, की दर तासाच्या फरकाला एक दिवस. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. म्हणजे नऊ-दहा दिवसांची निश्चिंती. या घड्याळाला किल्ली देण्याचं काम सगळ्यात चांगलं करतं ते ऊन. आणि आमच्याकडे ऑगस्टअखेर ऊन म्हणजे लॉटरीच!

मनाच्या घड्याळावरही लोकांनी अभ्यास केलाय. स्वेरे लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास मांडला. परक्या देशात माणूस आधी खूश असतो, मग खचतो, मग सावरतो. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख. १९६३ साली गुलाहॉर्न पतिपत्नींनी त्याला आणखी एक ‘यू’ जोडला. त्यांचं म्हणणं, घरी परतल्यावरही तेच सगळं पुन्हा होतं. जाताना तर आपण धक्क्याची तयारी ठेवतो. घरी येताना कोण ठेवतं?

ऑफिसात कुणाला हे ऐकायचं नव्हतं. ‘कसं होतं यूएस?’ या प्रश्नाचं उत्तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत संपायला हवं, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

‘करमलं का गो तिकडं?’

घरी येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता. ‘करमलं का गो तिकडं?’ याचं बरोबर उत्तर अख्ख्या गावाला पाठ असतं. ‘छे, आपलं ते आपलं!’ आईने हे उत्तर चॉकलेटच्या पुडीबरोबर अकरा जणांना दिलं. मी मोजलं. दर वेळी बाई खूश होऊन गेली.

पाचव्या दिवशी पाऊस उघडला. मी झावळ्या ओढत वाडीच्या कडेला गेले आणि वर बघतच राहिले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमची निम्मी झाडं आडवी झाली होती. बाबा दोन दिवस काही बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोयता घेतला, आणि पावसाळ्यात नव्या माडांची रोपं लावली. त्यातल्या एका माडाला पोय आली होती. पहिली! मी चिखलाच्या पायांनी घरात धावले.

‘आई, बाबांच्या माडाला पोय आलीय!’

‘बघितली मी. आलो त्याच दिवशी.’

‘मग बोलली नाहीस?’

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. ‘काय बोलू? माडाला पोय आली, आता तू कुठे जाऊ नकोस, असंच म्हणणार ना सगळे?’

मला काही सुचेना. आई बोलत राहिली, अगदी शांतपणे. ‘तिकडे रस्त्याने जाताना मी कुणाची कुणी नव्हते गं. नुसती एक बाई चाललीय. इथे फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मी ह्यांच्यामागे राहिलेली, एकटी, बिचारी. सगळे मायेनेच बघतात, पण बघतात. त्या लायब्ररीतल्या बाईने माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. किती वर्षांनी कुणी माझं नाव विचारलं ठाऊक आहे? आणि इथे आले तर हे घर... माझं वाटतच नाहीये. कुणाचं तरी आहे, मी पुसायला आलेय, असं वाटतंय.’

मग तिनेच विचारलं, ‘तुला विकायची आहे ना वाडी?’

माझ्या पोटात खड्डा पडला. ‘कुणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला हवं? एजंट आला की तू आतूनच ऐकत बसतेस. पूर्वी हाकलायचीस.’

गंमत बघा. तीन महिने मी शीट लपवत होते, कारण आई वाडी सोडणार नाही. आणि आई गप्प होती, कारण तिला वाटत होतं, वाडी सोडवत नाही ती मला. पोय बघून चिखलातून धावत आले होते ते मीच ना! विकायचीही होती मला आणि पोय बघून रडूही येत होतं. दोन्ही खरं होतं.

दोन वर्षं, दोन्हीकडे

दुसऱ्या दिवशी आईच्या सिमसाठी आम्ही अलिबागला गेलो. काम झाल्यावर किनाऱ्याकडे चालत निघालो. तिथे आमची चुंबकीय वेधशाळा आहे. अलिबागच्या मुलांना ती ठाऊक असते, कारण शाळेची एक सहल हमखास तिथे जाते. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बारीकसारीक बदल तिथे नोंदले जातात. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे.

तिची गोष्ट मला तिथे उभी असताना आठवली. पूर्वी या नोंदी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायच्या. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह जवळ आला की नाजूक चुंबकसूच्यांना खरं काही सांगता येत नाही. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी शांत जागा म्हणून अलिबाग निवडलं. चुंबकीय परिणाम नसलेला दगड पोरबंदरहून आणून इमारत बांधली आणि १९०४ साली इथे नोंदी सुरू झाल्या. पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. कारण जागा बदलली की आकडे बदलतात. जुन्या आणि नव्या आकड्यांत किती फरक पडतो ते कळलं, तरच आधीच्या नोंदींना पुढच्या नोंदी जोडता येतात. नाहीतर आधीचं सगळं वाया.

मी हे आईला सांगितलं, अगदी सहज, शाळेतली आठवण म्हणून. ती बराच वेळ समुद्राकडे बघत होती.

‘शहाणी माणसं होती,’ ती म्हणाली. ‘आणि आपण मात्र तीन महिन्यांत ठरवायला निघालो.’

गणपती आले. घर आठ दिवसांत झालं, म्हणजे दिसण्यापुरतं झालं. बॅगा आतल्या खोलीत ढकलल्या. संध्याकाळी साडेसातच्या आरतीला दादा व्हिडिओ कॉलवर होता, त्याच्याकडे सकाळचे दहा. भाचा मोबाइलसमोर टाळ्या वाजवत होता. आरती संपली आणि दादाने हळूच विचारलं, ‘मग? काय ठरलं?’

आईने निरांजन खाली ठेवलं. ‘ठरलं असं, की दोन वर्षं ठरवायचं नाही. पावसाळ्यात मी तुझ्याकडे, गणपतीला इथे. घराची किल्ली काकूंकडे. वाडी बघायला माणूस ठेवायचा, त्याचा पगार तुम्ही दोघं अर्धा अर्धा द्यायचा. दोन वर्षांनी मी सांगेन, मला कुठे बरं वाटतं ते. मी सांगेन. तुम्ही नाही.’

दादा गप्प. मी गप्प. गणपतीसमोर कोण वाद घालणार?

एजंटला मी फोन करून दोन वर्षांनी यायला सांगितलं. तो हसला, ‘मॅडम, तोपर्यंत रेट आणखी वाढेल.’ वाढू दे. ती एक्सेल फाइल मी डिलीट केलेली नाही, खोटं कशाला बोलू? फक्त पासवर्ड काढून आईला मेल केलीय. तिने उत्तर पाठवलं, ‘एफडीचं व्याज चुकलंय.’

आता महिना होत आला. माझं शरीर जागेवर आलंय. सोमवारी पहाटे उठते, मांडव्याहून बोट पकडते, ऑफिसात मिक्सरचा आवाज न करता मीटिंग करते. बॅगेवरची बुरशी खोबरेल लावून निघाली, वास नाही निघाला. फ्रिज नवीन घेतला.

आईच्या उशाशी तिकडून आणलेलं छोटं घड्याळ आहे. भाच्याने दिलेलं. ते अजून एडिसनची वेळ दाखवतं. पहिल्या आठवड्यात मी ते लावायला घेतलं, तर तिने हातातून काढून घेतलं. आता ते बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली, टेबलावर असतं. येणारी-जाणारी बाई विचारते, ‘हे बंद पडलंय वाटतं?’

‘नाही,’ आई सांगते. ‘बरोबर चालतंय.’